नवी डिस्क, जुना हब

पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क नव्या टाकल्या, काही हजार किलोमीटर गाडी मस्त पळाली आणि मग ऐंशीच्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. ही तक्रार आली की निकाल तयारच असतो: डिस्क डुप्लिकेट होती, नाहीतर वाकली. बहुतेक वेळा डिस्क बिचारी चांगली असते. ती ज्या हबवर, म्हणजे चाक आणि डिस्क धरून फिरणाऱ्या मधल्या भागावर, बसवली तो कुणी नीट साफ केलेला नसतो.

होतं असं. हबच्या तोंडावर गंजाचा किंवा मातीचा पापुद्रा राहिला की डिस्क एका बाजूनं केसभर उचललेली बसते. हबच्या तोंडाचा व्यास लहान, डिस्कचा मोठा. त्यामुळं हबवरचा ०.०३ मिलिमीटरचा फरक डिस्कच्या कडेला दीडपट ते दुप्पट होतो. गाडी चालताना, ब्रेक न दाबताही, डिस्कची तीच एक जागा दर फेऱ्याला पॅडला घासून जाते. हजारो किलोमीटर घासून ती जागा पातळ होते. जाडीत ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर फरक पडला तरी पेडल पायाखाली धडधडायला लागतं. म्हणून पहिल्या दिवशी काही कळत नाही आणि महिन्यांनी दोष डिस्कवर जातो.

आपल्याकडं मराठवाड्यात कोकणासारखा गंज चढत नाही हे खरं. पण काळी माती आहे. पावसाळ्यात ओढ्यातून, शेतरस्त्यावरून गाडी गेली की ती डस्ट शील्डच्या, म्हणजे डिस्कमागच्या पत्र्याच्या, मागं आणि चाकाच्या नटांभोवती भरते आणि दिवाळीपर्यंत वाळून दगड होते. ब्रेक पॅडची भुकटी त्यात मिसळली की वायर ब्रशलासुद्धा दाद देत नाही.

आधी डिस्क खरंच बदलायची आहे का ते मोजा. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, बहुधा कडेवर किंवा मधल्या टोपीवर. साध्या वर्निअरनं मोजलं तर फसाल, कारण बाहेरच्या कडेला न घासलेली धार राहते आणि वर्निअर तिच्यावरच टेकतो. मायक्रोमीटर नसेल तर घासलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी एकेक रुपयाचं नाणं धरा, वर्निअरनं एकूण जाडी घ्या आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. आकडा मर्यादेला टेकला असेल तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड तासून सपाट करून, आणण्याच्या फंदात पडू नका. पातळ डिस्क लवकर तापते आणि लवकर तडकते.

जागा निवडताना एक सांगतो, उघड्या काळ्या जमिनीवर जॅक लावू नका. वरून कडक दिसते, खाली भेगा असतात. अंगणात शहाबादी फरशी असेल तर जॅकखाली जाड फळी घाला, नाहीतर फरशी फुटते. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरावर स्टँड रुततं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला आणि जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकात डोकं घालणाऱ्याला शहाणपण सांगायला हा लेख पुरणार नाही.

स्टिअरिंग बाहेर वळवलं की कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, बोल्ट समोर येतात. मारुतीसारख्या लहान गाड्यांत स्लाइड पिनचे (ज्यांवर कॅलिपर सरकतो) बोल्ट १२ किंवा १४ च्या पान्याचे असतात, ब्रॅकेटचे (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीचे) दोन बहुधा १७ चे. कॅलिपर काढला की तारेनं स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळू देऊ नका. डिस्क हबला चिकटलेली असेल तर हातोडा उचलायच्या आधी तिच्या टोपीवर दोन आटेदार भोकं आहेत का बघा. जपानी घराण्याच्या गाड्यांत ती असतात, एम-८ बोल्टसाठी. दोन्हीत बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा कसत जा, डिस्क स्वतःहून सुटते. ह्युंदाईसारख्या गाड्यांत डिस्क चपट्या स्क्रूनं धरलेली असते. त्याचं डोकं साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं हमखास गुळगुळीत होतं. हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

आता खरं काम. हबचं तोंड वायर ब्रशनं, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, धातूची चमक दिसेपर्यंत. ग्राइंडर लावून धातूच उडवू नका. स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या, मुळाशी घाणीचं गोल कडं राहतं, तिथं ड्रिलवरचा ब्रश पोचत नाही. पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून तिथं हातानंच घासावं लागतं. मधला उंचवटा, ज्यावर डिस्क बसते, त्याच्या खाचेतली घाणही काढा. शेवटी बोटानं चाचपा. डोळ्याला न दिसणारा कण बोटाला लागतो. ग्रीस लावायचंच तर त्या मधल्या उंचवट्याच्या कडेला पुसट. तोंडावर अजिबात नाही.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरनं किंवा गरम साबणाच्या पाण्यानं काढा आणि लगेच पुसून कोरडं करा. गॅरेजमध्ये सगळं डिझेलनं धुवायची पद्धत आहे, ती इथं चालत नाही. डिझेलचा तेलकट थर मागं राहतो आणि पॅड तो पितं.

डिस्क बसवून वॉशर घालून सगळे नट सारखे कसा आणि डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमाप, लावा. लेथवाल्याकडं चुंबकी स्टँडसकट मिळतो, मागून आणा. कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत टेकवून डिस्क हळू फिरवा. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत हलला तर उत्तम. जास्त हलला तर डिस्क काढून एक स्टड पुढं फिरवून बसवा आणि पुन्हा बघा. पुष्कळदा एवढ्यानंच भागतं. तरीही नाही जमलं तर डिस्क काढून गेज थेट हबच्या तोंडावर लावा. तिथंच काटा नाचत असेल तर हब किंवा बेअरिंग गेलेलं आहे, डिस्क कितीही बदला.

पॅड नवेच टाका, दोन्ही चाकांचे एकदम. पिस्टन जुन्या पॅडच्या आधारानं सी-क्लॅम्पनं सावकाश मागं ढकला. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण आधी उघडा आणि पातळी बघत राहा. काठोकाठ भरलेली असेल तर सिरिंजनं थोडं काढून घ्या, कारण सांडलं की रंग खातं. स्लाइड पिनला सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, बेअरिंगचं साधं ग्रीस नाही; त्यानं रबर फुगतं आणि पिन अडकते. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल करू नका. गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. पहिल्यांदा ते थेट तळाला जातं.

बेअरिंगची गोष्ट वेगळी आणि अवघड. साठच्या पुढं घोंघों आवाज, वेगाबरोबर वाढणारा, क्लच दाबला तरी न बदलणारा. स्टिअरिंग डावीकडं वळवताना आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग, आणि उलट. खात्री करायला चाक उचला, एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवा. बाद बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून तळहाताला लागते, कानाला ऐकू येण्याआधीच.

काही गाड्यांत बेअरिंग आणि हब एकत्र बोल्टनं बसतात. ते घरी जमतं. पण बऱ्याच लहान गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, हब धरणाऱ्या जाड भागात, दाबून बसवलेलं असतं. तिथं नकल काढण्यापुरतं काम घरी करा आणि प्रेस लेथवाल्याकडं मारून घ्या. त्याच्यासमोर उभे राहा, कारण चूक इथंच होते. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर आला पाहिजे. नंतर हब आत दाबताना खालून आधार आतल्या रिंगला पाहिजे. उलट केलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, त्यांचे खड्डे रिंगवर उमटतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणतं. जुना हब निघताना आतली अर्धी रिंग त्याच्यावरच अडकून येते; ती ग्राइंडरनं चिरताना हबच्या दांड्याला खोल चर पडला तर हबही नवा घ्या. एबीएस असेल तर बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकी पट्टी असते, ते तोंड चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडं. तिच्यावर लोखंडाचा कीस चिकटू देऊ नका, चुंबकाजवळ ठेवू नका.

नकल सोडताना शॉकअपच्या बोल्टची जागा खुणेनं आखून ठेवा आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या. एक्सल नट, म्हणजे हबच्या मधोमधचा मोठा नट, नवाच घाला आणि तो पूर्ण टॉर्कनं, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानं, कसेपर्यंत गाडीचं वजन चाकावर टाकू नका. सैल बेअरिंगवर वजन आलं की ते तिथंच बिघडतं. चाकाचे नट लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. समोरासमोरचे नट आळीपाळीनं कसा. पंक्चरवाल्याच्या एअर गनला हे काम देऊ नका. एक नट जास्त, एक कमी कसला की नवी डिस्कही वाकडी धरली जाते. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पॅड आणि डिस्क जुळवून घ्यायला पहाटे रिकाम्या बायपासवर जा. समृद्धीवर हा प्रयोग नको, मागचा शंभरानं येत असतो. साठवरून वीसवर, मध्यम दाबानं, आठ-दहा वेळा, दर वेळी अर्धा मिनिट गार होऊ देत. मध्येच पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एका जागी उमटतो. हेच घाटालाही लागू. कन्नडहून औट्रम घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, आणि चाळीसगावला पोचल्या पोचल्या वॉशिंग सेंटरवर गाडी लावू नका. चाकाला हात लावून बघा, कोमट झाल्यावर पाणी मारा, आणि हबच्या मधोमध प्रेशरचा फवारा धरू देऊ नका.