बेथलेहेम अर्ध्या दिवसात उरकू नका

पवित्र भूमीच्या बहुतेक सहलींत बेथलेहेम दुपारपर्यंत आटोपतं. ख्रिस्तजन्माचं चर्च, येशूच्या जन्मस्थानावरचा चांदीचा तारा, ऑलिव्हच्या लाकडाच्या मूर्ती, की बस निघाली. वसईहून आमचा गट गेला तेव्हा फादरांनी हट्टाने मुक्काम तिथेच ठेवला, आणि खरी यात्रा तिथे घडली.

जेरुसलेम इथून जेमतेम दहा किलोमीटर. पण मध्ये भिंत आहे. २००२ पासून बांधत आणलेली, शहरालगत आठ मीटर उंच काँक्रीट. आत्मघाती हल्ले रोखायला ती हवीच, असं इस्रायल म्हणतं. पण तिचा बराचसा मार्ग वेस्ट बँकच्या, म्हणजे बेथलेहेम ज्यात येतं त्या पॅलेस्टिनी प्रदेशाच्या, आतून जातो, त्यामुळे कुणाची ऑलिव्हची बाग पलीकडे राहिली. शहरात शिरताना आम्हाला कुणी अडवलं नाही. परतताना सैनिक बसमध्ये चढला, पासपोर्टांवर नजर टाकून उतरला. आम्ही बसल्या जागी. स्थानिक पॅलेस्टिनी माणसाला मात्र जेरुसलेमला जायला परवाना लागतो, तोही मिळेलच असं नाही. आमच्या यजमानीण बाई कॅथलिक. ईस्टरला जेरुसलेममधल्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये जाता येईल का, हे त्यांना आधी कधीच ठाऊक नसतं. आपण सहा-सात तास विमानात बसून तिथे सहज पोचतो, हे त्यांच्यासमोर बोलताना जड गेलं.

१९५० पासूनची आयदा ही पॅलेस्टिनी निर्वासितांची छावणीही पाहा, पण स्थानिक वाटाड्याबरोबरच. वेशीवर भलीमोठी किल्ली आहे, १९४८ मध्ये सुटलेल्या घरांची. तिथे सेल्फी काढणारे पाहून मला लाज वाटली.

ख्रिस्तजन्माच्या चर्चचं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिक अशा तिघांचा हक्क असल्याने तिथल्या जन्मगुहेतल्या उपासनेच्या वेळा वाटून दिलेल्या आहेत. म्हणून सकाळी लवकर जा. गटासाठी मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) हवी असेल तर फ्रान्सिस्कन संन्याशांच्या यात्रेकरू कार्यालयाकडे महिनोन्‌महिने आधी नोंदवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

भारतीयांना व्हिसा आधीच काढावा लागतो. इस्रायली प्रवेशाची छोटी चिठ्ठी पासपोर्टात जपून ठेवा आणि मूळ पासपोर्ट कायम जवळ बाळगा. जॉर्डनमधून ॲलनबी पुलावरून येणार असाल तर शुक्रवार-शनिवार टाळा, नाका लवकर बंद होतो. शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, पश्चिम जेरुसलेममधल्या बस थांबतात. सैनिक आणि नाक्यांचे फोटो नकोत. दुकानात घासाघीस आवरती घ्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये गाझा युद्ध पेटल्यावर यात्रेकरू आटले आणि या शहराचं पोट त्यांच्यावरच आहे.

निघण्यापूर्वी तेल अवीवमधल्या भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा. प्रवास विम्यात युद्धामुळे रद्द झालेली सहल बसते का, हे एजंटकडून लेखी घ्या. बहुतेक विम्यांत ती बसत नाही.