फाइलवरचं ‘सल्फा अ‍ॅलर्जी’

डोळ्यातला दाब वाढला म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅसिटाझोलामाइड लिहून दिलं. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी फाइलवरचं ‘सल्फा अ‍ॅलर्जी’ वाचलं आणि काढलेली पट्टी परत खणात ठेवली. "हेही सल्फाच आहे, आधी विचारून या."

तो शेरा कॉलेजच्या दिवसांतला. लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल हे सल्फा गटातलं प्रतिजैविक चालू होतं. आठवडाभराने पोटावर-पाठीवर लाल पुरळ उठलं आणि गोळ्या थांबवल्यावर गेलं. शेरा मात्र माझ्यासोबत प्रत्येक दवाखान्यात फिरला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडे पाठवलं. मला वाटलं, रक्त घेतील, निकाल सांगतील. पण या अ‍ॅलर्जीसाठी भरवशाची रक्ताची किंवा त्वचेची चाचणी नाही, म्हणून त्या प्रश्नच विचारत बसल्या. कितव्या दिवशी उठलं? ताप होता? तोंडात, डोळ्यांत, लघवीच्या जागी फोड? कातडी सोलवटली? गाठी सुजल्या? यातलं काही झालं असतं, तर स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या जीवघेण्या प्रतिक्रियेची शंका आली असती आणि ते औषध आयुष्यभरासाठी बंद. पुन्हा देऊन बघणंसुद्धा नाही. माझं साधं पुरळ होतं.

मग त्यांनी कागदावर रेणू काढला. सल्फा प्रतिजैविकांच्या एका टोकाला अ‍ॅरिलअमाइन नावाचा भाग असतो, दुसऱ्या बाजूला नायट्रोजनवालं कडं. शरीर बिथरतं ते बहुधा या दोन भागांमुळे. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, मधुमेहाचं ग्लिमेपिराइड आणि माझं अ‍ॅसिटाझोलामाइड यांत ‘सल्फा’ म्हणवणारा सल्फोनामाइडचा तुकडा असतो, पण हे दोन भाग एकत्र नसतात. तरी कित्येक औषधांच्या माहितीपत्रकांत इशारा छापलेला असतोच, त्यामुळे दुकानातल्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दलही डॉक्टर बोलल्या. सल्फा प्रतिजैविक न सोसलेल्यांना या दुसऱ्या गटातल्या औषधांचा त्रास इतरांपेक्षा जास्त झाला खरा, पण ज्यात सल्फा नसतंच त्या पेनिसिलिनचा त्याहूनही जास्त झाला. म्हणजे दोष सल्फाच्या नात्याचा नाही, काही शरीरंच औषधांना पटकन उलटतात.

मी टाळायची यादी छोटी निघाली: को-ट्रायमोक्साझोल, सल्फाडायझिन, भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम, सल्फासिटामाइडचे डोळ्यांचे थेंब. सल्फासालाझिनही, कारण पोटात ते फुटून त्यातून सल्फापायरिडिन निघतं. सल्फेट आणि सल्फाइट यांचा या अ‍ॅलर्जीशी काडीचाही संबंध नाही. (मी वर्षानुवर्षं ‘सल्फेट’ वाचूनही दचकायचे!)

फाइलवरचा जुना शेरा खोडून त्यांनी औषधाचं पूर्ण नाव, कितव्या दिवशी काय झालं, फोड नव्हते, असं सगळं लिहिलं. पहिली गोळी मात्र त्यांच्या देखरेखीखालीच घेतली. घरी आल्यावर बोटांना मुंग्या आल्या आणि मी घाबरून फोन केला. "ही अ‍ॅलर्जी नाही, अ‍ॅसिटाझोलामाइडने बऱ्याच जणांना मुंग्या येतात," त्या म्हणाल्या. "अंगावर पुरळ उठलं किंवा श्वास लागला, तर मात्र फोन करत बसू नका, सरळ या."