शँकिल रोडच्या भिंती

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या मध्यवर्ती भागातून निघून वेस्टलिंकचा रुंद रस्ता ओलांडला की शँकिल रोड सुरू होतो. हा प्रोटेस्टंट कामगारांचा, ब्रिटनसोबतच राहू पाहणाऱ्यांचा भाग आहे. शेजारच्या बहुतेक कॅथलिकांना संयुक्त आयर्लंड हवे, आणि त्यावरूनच येथे अनेक दशके सशस्त्र संघर्ष चालला. एकाला एक लागून असलेली विटांची घरे, दिव्यांच्या खांबांवर ब्रिटिश ध्वज आणि काही ठिकाणी लाल, पांढऱ्या, निळ्या रंगाने रंगवलेल्या पदपथाच्या कडा पाहताना, आपण कोणाच्या हद्दीत आलो आहोत हे विचारावे लागत नाही. घरांच्या रांगेच्या टोकाला असणारी बिनखिडकीची भिंत हा येथील चित्रकाराचा फलक असतो.

मी आधी लोअर शँकिल वसाहतीत गेलो. कॅथलिक फॉल्स रोड आणि शँकिल यांच्यामध्ये 1969 पासून उभी राहत गेलेली ‘पीस वॉल’ येथून जवळच आहे. त्यामुळे येथील सशस्त्र संघटनांनी भिंतींवर रंगवलेली बुरखाधारी बंदूकधाऱ्यांची चित्रे त्या बाजूला, शत्रूला दिसतील अशी असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात यातील अनेक चित्रे वसाहतीच्या आत, मधल्या मोकळ्या हिरवळीकडे तोंड करून आहेत. ती रोज पाहतात ती शाळेत जाणारी मुले आणि दुकानातून परतणाऱ्या बायका, म्हणजे ज्यांचे रक्षण केल्याचा दावा या संघटना करतात तीच माणसे. आपल्याकडे नाक्यावरचा फ्लेक्स जसा इथे कोणाचा शब्द चालतो ते सांगतो, तसेच या भिंतींचे आहे. फरक इतकाच की येथील शब्दामागे खून होते. 2000 च्या उन्हाळ्यात यूडीए आणि यूव्हीएफ या दोन लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटिश राजसत्तेशी निष्ठा सांगणाऱ्या, सशस्त्र संघटना याच रस्त्यावर एकमेकींच्या जिवावर उठल्या आणि अनेक प्रोटेस्टंट कुटुंबांना प्रोटेस्टंटांच्याच धाकाने घरे सोडावी लागली. हे ठाऊक असले की भिंतीवरचे संघटनेचे नाव वेगळ्या नजरेने वाचले जाते.

चित्रांमधला इतिहासही हेतुपुरस्सर निवडलेला आहे. पांढऱ्या घोड्यावरचा प्रोटेस्टंट राजा विल्यम, 1690 मध्ये आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजा जेम्सला हरवणारा, हा येथील सर्वांत जुना विषय. त्या विजयाच्या 12 जुलैच्या उत्सवासाठी त्याची चित्रे विसाव्या शतकाच्या आरंभापासून रंगवली जात. बंदूकधाऱ्यांची गर्दी झाली ती मुख्यतः 1980 च्या दशकात. यूव्हीएफची हातोटी मला सर्वांत चतुर वाटली. 1913 मध्ये आयर्लंडच्या स्वायत्ततेला विरोध करण्यासाठी अल्स्टर (आयर्लंडचा उत्तरेकडील प्रांत) व्हॉलंटियर फोर्स, म्हणजे मूळ यूव्हीएफ, उभी राहिली, तिचे असंख्य सैनिक पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या 36 व्या अल्स्टर डिव्हिजनमध्ये भरती झाले आणि 1 जुलै 1916 रोजी फ्रान्समधील सोमच्या रणांगणावर त्या डिव्हिजनची भीषण हानी झाली. 1960 च्या दशकात शँकिलमध्ये स्थापन झालेल्या संघटनेने तेच नाव घेतले, आणि आता खंदकातला सैनिक व बुरखाधारी मारेकरी एकाच चित्रमालिकेत, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतीचे चिन्ह असलेल्या पॉपीच्या लाल फुलांच्या सोबतीने उभे राहतात. संघर्षाच्या काळात लॉयलिस्टांनी सुमारे हजार माणसे मारली आणि त्यांतील बहुतेक निःशस्त्र नागरिक होते, हे मात्र कोणतीही भिंत सांगत नाही. दुसरीकडे, 1993 मध्ये आयआरए या संयुक्त आयर्लंडसाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने याच रस्त्यावरच्या मासळीच्या दुकानात घडवलेल्या स्फोटात नऊ निरपराध माणसे गेली. येथील शोक खोटा नाही, त्याचा वापर कोण करतो हा प्रश्न आहे.

पूर्व बेलफास्टमधील न्यूटाउनार्ड्स रोडवर गेल्यावर घरांच्या छपरांवरून हारलँड अँड वुल्फ गोदीच्या पिवळ्या अजस्र क्रेन दिसतात. येथील पुरुषांच्या पिढ्या त्या गोदीत राबल्या. ते काम आटले. याच रस्त्यावर यूडीएच्या चित्रांची प्रसिद्ध रांग आहे आणि तिच्यात कूहुलिन हा प्राचीन आयरिश वीर अल्स्टरचा रक्षक म्हणून अवतरतो. डब्लिनच्या टपाल कार्यालयात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या आयरिश बंडाचे स्मारक म्हणून त्याच वीराचा पुतळा आहे, याची रंगवणाऱ्यांना अडचण वाटलेली दिसत नाही.

ही चित्रे बदलण्याचा सरकारी प्रयत्न 2006 पासून झाला. बेलफास्टमधल्याच सँडी रो या लॉयलिस्ट भागाच्या तोंडाशी असलेल्या बंदूकधाऱ्याच्या चित्राच्या जागी 2012 मध्ये राजा विल्यम आला. मला तो बदल मान्य आहे, पण त्यावर फार विसंबून राहावेसे वाटत नाही, कारण 2011 मध्ये, 1998 च्या शांतता करारानंतर तेरा वर्षांनी, न्यूटाउनार्ड्स रोडवर यूव्हीएफचे नवे बंदूकधारी रंगवले गेले होते. भिंत कोणाची, हे अजूनही घरमालकाच्या कागदावरून ठरत नाही.