तुम्ही विचारलंत म्हणून: आयवालिकच का?

तुर्कस्तानला निघालेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी आयवालिकला जाऊन या म्हणते. त्यावर हमखास प्रश्न येतो, “इस्तंबूल आणि कॅपाडोकियातले दिवस कमी करून तिथे जाण्यासारखं आहे तरी काय?”

तिथे ऑलिव्हची झाडं आहेत, आणि त्यांतली जुनी झाडं ज्यांनी लावली त्यांच्यापैकी कुणाचंही घर आता तिथे नाही. गावाचा इतिहास आणि गावाचं पोट, दोन्ही इतकी एकाच गोष्टीवर उभी असलेली जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

आयवालिक हा बालिकेसिर प्रांतातला, एजियन समुद्राकाठचा तालुका. समोर ग्रीसचं लेस्बोस बेट, बोटीने साधारण दीड तासावर. ऑटोमन काळात हे गाव ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचं होतं. १७७० मध्ये रशियन आरमाराशी झालेल्या चेश्मेच्या लढाईत हरून परतणाऱ्या हसन पाशा या ऑटोमन सेनानीला इथल्या इकोनोमोस नावाच्या धर्मगुरूने आसरा दिला आणि त्या उपकारापोटी १७७३ मध्ये गावाला स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सनद मिळाली, असं सांगतात. गावाची भरभराट मात्र नक्की झाली. तेल, साबण आणि कातड्याचा व्यापार वाढला. १८०३ मध्ये तर इथे एक विद्यापीठ निघालं. ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावात गाव बेचिराख झालं. काही वर्षांनी माणसं परतली आणि त्यांनी ते नव्याने बांधलं. आज दिसणारी गुलाबीसर दगडाची घरं आणि तेलाच्या कारखान्यांची उंच विटांची धुराडी बहुतेक त्यानंतरची आहेत.

आणि मग १९२२ साल उजाडलं. ग्रीस-तुर्की युद्धाचा शेवट होत होता. तुर्की सैन्य गावात आलं. धडधाकट पुरुषांना मजूर तुकड्यांत घालून आत अनातोलियात नेलं, त्यातले फार थोडे परतले. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं बोटींतून लेस्बोसला गेली. पुढे ३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानचा करार झाला आणि हे जाणं कायमचं ठरलं. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला, अशी ती सक्तीची अदलाबदल होती. साधारण १२ लाख माणसं एका बाजूला गेली, साडेतीन-चार लाख दुसऱ्या बाजूला. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान अशी मोजकी सूट होती. कोण कुठला हे भाषेवरून नाही, धर्मावरून ठरलं. त्यामुळे आयवालिकलगतच्या जुंदा बेटावर येऊन उतरलेल्या, क्रीट या ग्रीक बेटावरच्या मुसलमानांपैकी अनेकांच्या घरात ग्रीकच बोलली जायची. शांततेचा तोडगा म्हणून या कराराचं तेव्हा कौतुक झालं. मला तो क्रूर वाटतो. लाखो लोकांना न विचारता त्यांचं गाव बदलणं याला मी तोडगा म्हणू शकत नाही.

रिकाम्या घरांबरोबर ऑलिव्हच्या बागाही नव्या लोकांना वाटून दिल्या गेल्या. लेस्बोस आणि क्रीटहून आलेल्यांना हे झाड ठाऊक होतं. उत्तर ग्रीसमधल्या मॅसिडोनियाहून आलेल्या कित्येकांना तंबाखू कळायचा, त्यांना हे सगळं नव्याने शिकावं लागलं. गाव मोडलं तरी धंदा टिकला तो या शिकण्यामुळे, आणि त्याचं श्रेय त्यांना फार कमी दिलं जातं.

ऑलिव्हही आपल्या हापूससारखा एका वर्षाआड भरभरून धरतो. तोडणी साधारण ऑक्टोबरला सुरू होते आणि थंडीभर चालते. फळ झाडावरून उतरलं की लवकरात लवकर घाण्यावर पोचायला हवं, नाहीतर तेलाला खवट वास लागतो. एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळ लागतं. उरलेली पेंडही वाया जात नाही, ती जळणाला जाते. हे तेल जेवणात सगळीकडे असतं. किनाऱ्यावरच्या खारट भाज्या आणि रानातले पाले उकडून त्यावर तेल-लिंबू घालतात. खाण्याची ही तऱ्हा क्रीटच्या बायकांनी आणली.

जुनी चर्च नाहीशी झाली नाहीत. गावातलं सेंट जॉनचं चर्च आता ‘साअतली जामी’, म्हणजे घड्याळाची मशीद आहे. जुंदावरच्या १८७३ च्या ताक्सियार्हिस चर्चमध्ये २०१४ पासून संग्रहालय आहे.

आता बागांवरचा दाब वाढतोय. उन्हाळी घरं आणि हॉटेलांना समुद्राजवळचीच जमीन हवी असते. तुर्कस्तानात १९३९ पासून ऑलिव्हबागांना संरक्षण देणारा कायदा आहे, पण जुलै २०२५ मध्ये संसदेने मुग्ला प्रांतातल्या काही बागा कोळशाच्या खाणींसाठी खुल्या केल्या. मुग्ला आयवालिकपासून दूर असलं तरी सवलत एकदा दिली की ती दुसरीकडेही मागितली जाते, म्हणून मला धास्ती वाटते.

तेव्हा जाणार असाल तर जुलै-ऑगस्टच्या गर्दीत जाऊ नका, नोव्हेंबरात जा. इझमिरहून बसने अडीच-तीन तास लागतात. समुद्रात डुंबता येणार नाही, पण घाणे चालू असतील. एखाद्या घाण्यावर विचारून आत जा आणि त्याच दिवशीचं तेल पावाला लावून खा. घशाला थोडं झोंबेल. ताजं तेल झोंबतंच.