चित्रीच्या पिलांचा बाप

कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर जाऊन बसा, थोड्या वेळात कुणीतरी कुणाच्यातरी पोराबद्दल म्हणतंयच, "ते रक्तातच असतंय ओ." हल्ली तर रक्त मागं पडलं आणि जीन्स आले. पैलवानाचा नातू दोन वडापाव खाऊन मोबाईल बघत लोळत पडलेला असतो तरी त्याच्याबद्दल बोलणं काय, तर जीन्समध्येच आहे त्याच्या, खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरू दे नुसता. मी पोरांना बायोलॉजी शिकवतो त्यामुळं असलं काही ऐकलं की मला गप्प बसवत नाही, कारण जीन, म्हणजे डीएनएत लिहिलेला एकेक हुकूम, असणं वेगळं आणि तो चालू असणं वेगळं, आणि सगळी गंमत त्या दुसऱ्या भागात आहे. पण तोंड उघडलं की लोक म्हणणार, झालं, मास्तर सुरू झाले. म्हणून मी आता सरळ चित्रीकडं बोट दाखवतो.

चित्री म्हणजे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरची मांजर. बाहेरच्यांना सांगायचं तर आमच्याकडं म्हशी आणून समोर उभ्या करतात, तुमच्यादेखत धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात, ते धारोष्ण दूध उभ्या उभ्या प्यायचं आणि मिशी पुसत घरी जायचं. तिथं ग्लासातनं सांडलेल्या दुधावर चित्रीचा हक्क आहे. अंगाला पांढरी, एक कान काळा, दुसरा केशरी, पाठीवर दोन्ही रंगांचे मोठे मोठे ठिगळ, आणि स्वभाव म्हणाल तर कुणाच्या बापाला भीक न घालणारा.

आता तिच्या त्या दोन कानांचं बघा. दोन्ही कानांतल्या पेशींत डीएनए एकच, अक्षरन्‌अक्षर तोच. मग एक काळा आणि एक केशरी का? तर मांजराचा केशरी रंग ज्यावर ठरतो तो भाग एक्स क्रोमोसोमवर आहे, क्रोमोसोम म्हणजे डीएनएची एकेक लांब दोरी. मादीला एक्स दोन, बोक्याला एकच. चित्रीच्या एका एक्सवर केशरीचा हुकूम आहे, दुसऱ्यावर नाही. आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो, दुसरा जवळजवळ सगळा बंद. चित्री अजून आईच्या पोटात होती, पेशी मोजक्याच होत्या, तेव्हा एकेका पेशीनं आपापला एक एक्स बंद केला. कुठला बंद करायचा याला काही नियम नाही, ज्याचं त्यानं ठरवलं, पण एकदा ठरवल्यावर त्या पेशीच्या पोरीबाळींनी, नातवंडांनी, पतवंडांनी तोच निर्णय पाळला. म्हणजे पाठीवरचा प्रत्येक ठिगळ हा एकेक खानदान आहे. पांढऱ्याचं प्रकरण निराळं, तिथं रंगाच्या पेशी पोचल्याच नाहीत.

हे पहिल्यांदा नीट मांडलं मेरी लायन या इंग्लंडमधल्या बाईंनी, 1961 साली, उंदरांच्या रंगावरून. पण मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त आवडते. 1949 मध्ये कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम मांजरांच्या मेंदूतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघत होते, वेगळ्याच कामासाठी, आणि त्यांच्या लक्षात आलं की काही मांजरांच्या पेशींत केंद्रकात एक गडद ठिपका दिसतो आणि काहींच्यात नाही. नोंदी काढून बघितल्या तर ठिपका असलेल्या सगळ्या माद्या. तो ठिपका म्हणजे गच्च आवळून बंद केलेला एक्स, हे पुढं दहाएक वर्षांनी कळलं. म्हणजे ठिपके चित्रीच्या कातडीवर आहेतच, पण पेशीपेशीच्या आतसुद्धा आहेत.

तर आता बंद करणं म्हणजे काय करणं? कारण जीन पुसून टाकलेला नसतो, तो तिथंच असतो.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो आणि तो राहतो कुठं, तर मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सहा-सात भाग एवढ्या केंद्रकात. तो तिथं कोंबलेला नाही, बांधलेला आहे. आपल्याला कोल्हापूरकरांना हे समजायला सोपं, कारण हे काम फेट्याचं आहे. हिस्टोन नावाची आठ प्रथिनं एकत्र येऊन एक बारकं डोकं तयार होतं आणि त्याच्याभोवती डीएनएचा पावणेदोन वेढ्यांच्या आतबाहेरचा फेटा, त्यात 147 अक्षरं जातात. मग थोडी मोकळी दोरी, मग पुढचं डोकं, पुढचा फेटा, अशी कोट्यवधी डोकी एका केंद्रकात. या डोक्याला न्यूक्लिओसोम म्हणायचं आणि या सगळ्या बांधणीला क्रोमॅटिन. आणि खरी गंमत अशी की या डोक्यांना शेंड्या आहेत. हिस्टोनचं एक टोक फेट्यातनं बाहेर लोंबत असतं, आणि पेशी सगळा कारभार करते तो या शेंड्यांना हात घालून.

शेंडीत लायसीन नावाचे घटक असतात, त्यांच्यावर धन भार. डीएनएवर ऋण भार. त्यामुळं दोघं एकमेकांना घट्ट धरून. आता एका एन्झाइमनं, म्हणजे असली कामं करणाऱ्या प्रथिनानं, येऊन लायसीनवर अ‍ॅसिटिल नावाचा छोटा तुकडा बसवला की तो धन भार संपला, पकड सैल झाली, आणि जीन वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरायला जागा मिळाली. दुसरं एन्झाइम येऊन तो तुकडा काढून टाकतं, की परत घट्ट. मिथाइल नावाचा आणखी एक छोटा तुकडा बसतो, त्याचं मात्र इतकं सरळ नाही. त्यानं भार बदलत नाही, ती नुसती खूण असते, आणि ती खूण कुठल्या लायसीनवर आहे त्यावरनं अर्थ ठरतो. एच-थ्री नावाच्या हिस्टोनच्या चौथ्या लायसीनवर तीन मिथाइल असतील तर बहुतेक चालू जीनचं तोंड, नवव्या किंवा सत्ताविसाव्यावर असतील तर बहुतेक बंद. आणि या खुणा वाचणारी प्रथिनं वेगळी, अ‍ॅसिटिल वाचणारी निराळी, मिथाइल वाचणारी निराळी. लिहिणारे, पुसणारे, वाचणारे असे तीन विभाग आहेत आणि आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसपेक्षा तिथं काम बरं चालतं.

हिस्टोन तसे जुने, आल्ब्रेख्ट कोसेल यांनी 1884 मध्ये हंसाच्या रक्तपेशींतनं काढले होते. पण पुढं कित्येक वर्षं लोकांना वाटायचं हे नुसतं बांधाबांधीचं सामान, त्याला काय अक्कल. 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी सांगून बघितलं की अ‍ॅसिटिल लागण्याचा आणि जीन चालण्याचा संबंध दिसतोय, पण अ‍ॅसिटिल बसवतंय कोण ते हातात नव्हतं. ते हातात आलं तीस वर्षांनी, 1996 साली. डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या लॅबनं टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय, पाण्यातल्या जिवाकडनं ते एन्झाइम मिळवलं आणि बघतात तर ते यीस्टमधल्या एका ओळखीच्या प्रथिनाशी जुळतंय, जे जीन चालू करायला मदत करतं हे आधीच माहीत होतं. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या लॅबनं अ‍ॅसिटिल काढणारं एन्झाइम पकडलं, ते यीस्टमधल्या जीन बंद करणाऱ्या प्रथिनाशी जुळलं. दोन्ही बाजू एकाच वर्षात. इतकं नीट विज्ञानात क्वचित जमतं, एरवी सगळा घोळच असतो.

आणि ही गोष्ट तर मी कट्ट्यावर मुद्दाम सांगतो. एच-फोर नावाचा हिस्टोन 102 घटकांचा. 1969 मध्ये गाईचा आणि वाटाण्याचा एच-फोर शेजारी शेजारी ठेवून बघितला तर 102 पैकी फरक फक्त दोन ठिकाणी. गाय आणि वाटाणा! कटाच्या आमटीत दोन घरच्या पद्धती याच्यापेक्षा जास्त वेगळ्या निघतील. अब्जावर वर्षं गेली तरी हे प्रथिन हललं नाही, म्हणजे त्याच्याकडं काम किती महत्त्वाचं असेल. यावर धार काढणारे मामा म्हणाले, "मग म्हशीचं किती वेगळं?" त्यांना गाईचं उदाहरण तसंही पटत नाही.

परत चित्रीच्या एक्सकडं येतो. जो बंद करायचा तो एक्स स्वतःच झिस्ट नावाचा एक आरएनए, म्हणजे डीएनएवरनं उतरवलेली प्रत, तयार करतो आणि तो आरएनए त्याच एक्सला चिकटत चिकटत पसरतो. मग शेंड्यांवरचे अ‍ॅसिटिल निघतात, सत्ताविसाव्या लायसीनवर मिथाइल लागतात, पुढं डीएनएवर पण मिथाइल बसतात, आणि सगळं आवळून एका कोपऱ्यात. माणसाच्या बायकांतही हेच. काही जीन यातनं निसटून चालू राहतात, माणसात सुमारे 15 टक्के, त्यामुळं पूर्ण बंद म्हणणं बरोबर नाही. पण घाम येणाऱ्या ग्रंथी न बनण्याचा एक आजार एक्सवर असतो, त्याच्या वाहक बायकांच्या कातडीवर काही पट्ट्यांत घाम येतो आणि काही पट्ट्यांत येत नाही. चित्रीचं दिसतं, बाकीच्यांचं दिसत नाही, एवढंच.

पण पेशी दुभंगली की खूण पुढं जाते कशी? डीएनएची नक्कल होताना जुने हिस्टोन दोन्ही नकलांत वाटले जातात आणि मधल्या जागी नवे कोरे येऊन बसतात. आता बंदीची खूण लिहिणारं जे एन्झाइम आहे त्याला स्वतःलाच ती खूण वाचता येते, ते जुन्या खुणेला धरतं आणि शेजारच्या नव्या हिस्टोनवर तेच लिहितं. झालं. पोटात असताना घेतलेला निर्णय म्हातारपणापर्यंत कानावर तसाच.

बरं त्या केशरी रंगाचा जीन नेमका कुठला हे शंभर वर्षं सापडत नव्हतं, ते 2025 मध्ये छापून आलं, जपानच्या आणि अमेरिकेच्या दोन गटांनी वेगवेगळं शोधलं. आणि निघालं काय, तर नवीन जीन वगैरे काही नाही. एका जुन्याच जीनच्या जवळचा पाचेक हजार अक्षरांचा तुकडा गळालाय, जीन शाबूत आहे, पण जो रंगपेशीत एरवी झोपलेला असायचा तो तिथं चालू झालाय. नको तिथं चालू झाला आणि काळ्याचा केशरी झाला. माझ्या बाजूनं याच्यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही.

आता याचा दुसरा टोकाचा त्रास पण आहे. जीन्सवाले गप्प झाले की व्हॉट्सअ‍ॅपवाले येतात, सकाळी उठून चांगला विचार केला की डीएनए उघडतो, अमुक काढा घेतला की जीन जागे होतात. हे बकवास आहे. अ‍ॅसिटिल काढणाऱ्या एन्झाइमला अडवणारी औषधं खरी आहेत, व्होरिनोस्टॅटला अमेरिकेत 2006 मध्ये कातडीच्या एका कॅन्सरसाठी परवानगी मिळाली, फिट्सवर देतात ते व्हॅल्प्रोएट पण हे एन्झाइम अडवतं हे नंतर कळलं. पण अशी औषधं एकाच जीनला जाऊन टकटक करत नाहीत, सगळीकडं हात घालतात, म्हणून ती डॉक्टरनं मोजून द्यायची असतात. ब्युटिरेट नावाचा पदार्थ पण हेच करतो, लोण्यात सापडला म्हणून त्याचं नाव तसलं, आणि आपल्या आतड्यातले जंतू तंतुमय खाण्यापासून तो बनवतात. हे मी एकदा बोलून गेलो आणि आमच्यातल्या एकानं लगेच लोणी डोशाची दुसरी ऑर्डर दिली. खा बाबा, पण हिस्टोनचं नाव नको.

खुणा पुसायच्या म्हटल्या तरी सोप्या नाहीत, याला पुरावा म्हणजे सीसी नावाची मांजर. 2001 च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये जन्मलेली ही जगातली पहिली क्लोन मांजर, क्लोन म्हणजे दुसरीच्या पेशीचं केंद्रक घेऊन केलेली नक्कल. जिची क्लोन केली ती रेनबो, तीन रंगांची. सीसीच्या अंगावर केशरीचा एक केस नाही. ज्या पेशीचं केंद्रक घेतलं तिच्यात केशरीचा एक्स आवळलेला होता आणि क्लोन करताना तो पुरता सुटलाच नाही. डीएनए तोच, मांजर दुसरी. 18 वर्षं छान जगली म्हणा.

आईच्या अंडपेशी तयार होताना मात्र तो बंद एक्स आपोआप उघडतो. म्हणून चित्रीच्या प्रत्येक पिलाला तिच्या दोनपैकी कुठलाही एक एक्स मिळू शकतो, दोन्ही ताजेतवाने. या खेपेला तिला पिलं झाली ती कट्ट्यामागच्या वैरणीत. दोन बोके, एक केशरी, एक काळा. दोन माद्या, एक तिच्यासारखीच तिरंगी आणि एक पूर्ण केशरी, नावाला काळा केस नाही. बापाचा आळ अख्ख्या गल्लीनं मटणाच्या दुकानामागच्या काळ्या बोक्यावर घेतलेला. मी म्हटलं, "मामा, ती केशरी पोरगी बघा. तिचे दोन्ही एक्स केशरीचेच पाहिजेत. एक चित्रीचा, दुसरा बापाचा. म्हणजे बाप केशरी."

"आयला, म्हणजे तो पंचगंगेकडनं येतोय तो ढेरपोट्या?"

"तो किंवा तसला दुसरा. आणि एवढ्या एका पिलापुरतंच म्हणतो मी. मांजराच्या एका वेतात दोन-दोन बाप असू शकतात."

"मग बाकीच्यांचं सांगा की."

बाकीच्यांचं सांगता येत नाही. बोक्यांना एक्स आईकडनंच येतो, त्यांच्या रंगावरून बापाचं काही कळत नाही, आणि तिरंगी पोरीला बाप काळा काय केशरी काय, दोन्ही चालतो. हे सगळं मी सांगितलं. मामांनी ग्लास विसळला, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "म्हणजे तुमचं शास्त्र निम्म्यातच सोडतंय की ओ मास्तर."