सामानाकडे लक्ष ठेव

काल दुपारी मिक्सरच्या झाकणाचा स्क्रू आवळायला पेचकस शोधत होते, तर ड्रॉवरमधे खालच्या बाजूला हाताला साखळी लागली. रेल्वेत सीटखाली सामान बांधायची असते ना, तीच. वरचं निळं प्लास्टिक जागोजागी फाटलेलं आणि सोबत ते कुलूप, ज्याची किल्ली बाबांच्या जानव्याला असते. पेचकस अजून मिळालेला नाही, मिक्सर तसाच खडखडतोय.

ही साखळी आमच्याबरोबर शिकागोला जाऊन आलीये. खरंच. दिल्लीला सिक्युरिटीवाल्यानं ट्रेमधून उचलून उलटीसुलटी पाहिली, मग बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता परत ट्रेमधे टाकली. पोराला दया आली असावी, माझी.

दादाकडे मुलगा झाला, बाबांना नातू बघायचा होता, म्हणून ऐन जानेवारीत आम्ही निघालो. इंदूर-दिल्ली, दिल्ली-फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट-शिकागो. जानेवारीतली दिल्ली म्हणजे धुकं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण बाळंतपण काही सीझन बघून येत नाही. रात्रीचं विमान आधी एक तास लेट, मग तीन, मग बोर्डवर नुसतंच 'डिलेड', पुढे वेळच नाही. आजूबाजूचे लोक काउंटरवर जाऊन भांडत होते, मी फोनवर कनेक्शनचा हिशोब करत होते, आणि बाबा? बाबा खूश. त्यांच्या मते प्रवास आत्ता कुठे सुरू झाला होता. त्यांनी पिशवीतून चादर काढली, खांबाला टेकून पसरली, सेव-परमलचा डबा उघडला आणि शेजारच्या जोडप्याला म्हणाले, लो भिया, घर का है. अर्ध्या तासात तिथे महू स्टेशनचा प्लॅटफॉर्म झाला होता. अवंतिका एक्सप्रेस रतलामला कशी अडकली होती, कुठल्या साली पुराच्या पाण्यानं गाडी कुठे थांबवली होती, सगळं निघालं. जन्मभर गाड्यांनी फिरलेल्या माणसाला लेट होणं हा अपमान वाटत नाही, एवढं मला तेव्हा कळलं. मला मात्र दर दहा मिनिटांनी वाटतो.

व्हीलचेअरवरून आधी घरीच भांडण झालं होतं. मी काय लुळापांगळा आहे का, वगैरे. मग दादानं फोनवर समजावलं की बाबा, त्यातही प्रकार असतात, तुमच्या तिकिटावर डब्ल्यूसीएचआर लिहिलंय, म्हणजे जिना स्वतः चढू शकतो, फक्त लांब चालायला नको, त्याला हे देतात. जिने न चढू शकणाऱ्यांचं अक्षर वेगळं, जागेवरून हलताच न येणाऱ्यांचं आणखी वेगळं. हे त्यांना पटलं, म्हणजे आपण वरच्या वर्गात आहोत असं. नंतर इमिग्रेशनची ती लांबच लांब लाइन सोडून बाजूनं नेलं तेव्हा मान वळवून लाइनीतल्या लोकांना हात केला त्यांनी. हात!

पण खरा घोळ पाण्याचा. विमानात बसायच्या आधी पाण्याची बाटली रिकामी करावी लागते, १०० मिलीच्या वर काही आत नेता येत नाही, हे मी घरापासून सांगत होते. बाबांनी पाणी फेकलं नाही. पाणी फेकतात का. मशीनपाशी उभं राहून लिटरभर पाणी एका दमात प्यायले, मागची सगळी लाइन बघत राहिली, आणि मग पुढचा तासभर आमचा कुठे गेला ते सांगायची गरज नाही. पुढे आत गेल्याबरोबर, 'तू सामानाकडे लक्ष ठेव, मी पाणी भरून आणतो.'

हे वाक्य ऐकलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

आमचं आजोळ जळगावचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून खंडव्यापर्यंत छोट्या लाइनची गाडी, तिथे सामान उतरवा, पूल चढा, मोठ्या लाइनची गाडी पकडा, आणि येताना हेच उलटं. येतानाचा प्रवास मला नको असायचा, शाळा सुरू होणार म्हणून नाही, बाबांमुळे. खंडव्याला उतरायचे, सनावदला उतरायचे, मोरटक्क्याला उतरायचे. गाडी थांबली आणि बाबा डब्यात आहेत असं कधी झालंच नाही. मिल्टनचा तो लाल-पांढरा जग घेऊन नळावर, जग भरलेला असला तरी. नर्मदेच्या पुलावर आई आम्हाला नाणी द्यायची टाकायला, मी मनात नेहमी एकच मागायचे की पुढच्या स्टेशनवर बाबांना उतरू देऊ नकोस. नर्मदामैयानं ऐकलं नाही.

कालाकुंड तर सगळ्यात वाईट. तिथून पातालपाणीपर्यंत घाट, चढ मोठा, म्हणून गाडीला मागून आणखी एक इंजिन लावायचे आणि त्यासाठी गाडी बराच वेळ उभी. त्या एवढ्याशा जंगलातल्या स्टेशनवर पानाच्या पुड्यात कलाकंद मिळायचा. अजून मिळतो म्हणे, २०१८ पासून तिथे हेरिटेज ट्रेन आहे, लोक दरवाजात उभं राहून रील काढतात. तर बाबा कलाकंद आणायला गेले, आणि गाडी हलली. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून बघतेय, फलाट मागे सरकतोय, फेरीवाले मागे, तो लाल जग कुठेच नाही. आमच्या त्या डब्यातून पलीकडच्या डब्यात जायला आतून वाट नव्हती. म्हणजे ते मागच्या एखाद्या डब्यात चढले की खालीच राहिले, हे पुढचं स्टेशन येईपर्यंत कळायचा मार्गच नाही. बोगदे आले, दरी आली, दादा पाच-सहा वेळा ओरडला बघ बघ बघ, मी काही बघितलं नाही. मी सामान बघत होते. होल्डॉल, ट्रंक, आंब्याची करंडी, सुतळीनं बांधलेला पापडाचा डबा. बाबा नाहीत तर निदान सामान तरी जागेवर पाहिजे, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार.

आणि आई शांतपणे संत्रं सोलत होती. त्याच्या पांढऱ्या शिरासुद्धा काढत होती, एकेक, नखानं. पातालपाणीला गाडी थांबली, बाबा खिडकीबाहेर येऊन उभे, घामाघूम, हातात पुडे. आईनं काय विचारावं? 'कितीला दिला?'

तर फ्रँकफर्ट. धुक्यानं व्हायचं तेच झालं, आम्ही पोचलो तेव्हा पुढचं विमान गेलेलं, दुसऱ्या दिवशीचं मिळालं. हॉटेल देतो म्हणाले, पण हॉटेल बाहेर आणि बाहेर जायला व्हिसा जर्मनीचा लागतो, आमच्याकडे अमेरिकेचा. म्हणजे आख्खी रात्र आतच, खुर्च्यांवर. मी तिकिटाच्या रांगेत उभी, बाबांना व्हीलचेअरवर भिंतीशी बसवलेलं, हातातली बॅग त्यांनी साखळीनं शेजारच्या पक्क्या खुर्चीच्या पायाला बांधलेली. मधूनमधून लाउडस्पीकरवर बेवारस सामानाची सूचना येत होती. मी म्हटलं बाबा सोडा ते. म्हणाले, 'बेवारस कुठे, बांधलंय की.'

मी परत वळून बघितलं तर व्हीलचेअर रिकामी. तिच्या पाठीवर मफलर टाकलेला, अगदी नीट, बसमधे जागा धरायला टाकतात तसा. बॅग कुलपात. किल्ली जानव्याला. जानवं कुठे माहीत नाही.

पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी काही केलं नाही. करताच येईना, बॅग खुर्चीला बांधलेली, तिच्यात दोघांचे पासपोर्ट आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या, ती सोडून जाता येईना आणि घेऊनही जाता येईना. पन्नाशीची बाई, दोन मुलांची आई, तिथे सामानाकडे लक्ष ठेवून उभी.

सापडले ते कॉरिडॉरच्या पार टोकाला, म्हणजे आपणहूनच परत येताना दिसले, भरलेली बाटली हातात आणि सोबत टोरांटोला निघालेले एक सरदारजी. बाबा त्यांना सांगत होते की आमच्या इंदूरच्या रेल्वेसाठी महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मधे इंग्रजांना एक कोटीचं कर्ज दिलं होतं, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांसाठी. सरदारजी म्हणाले, वाह जी. माझा चेहरा बघून बाबा म्हणाले, काय झालं? मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. आई असती तर तिनं आधी विचारलं असतं, कुठे होता नळ.

शिकागोत एक बॅग आलीच नाही. नेमकी स्वेटरांची, बाहेर उणे बारा. आता याचं मला काही वाटेनासं झालं होतं, शांतपणे काउंटरवर गेले, बॅग आली नाही असा रीतसर रिपोर्ट लिहून घेतला, टॅगची चिकटपट्टी दाखवली. (तो रिपोर्ट विमानतळ सोडायच्या आधीच करायचा, आणि टॅग बोर्डिंग पासवर चिकटवून देतात ना, तो जपायचा, एकवीस दिवस झाले की बॅग हरवली असं धरतात.) बाबांना स्वेटरांचं काही नव्हतं, त्यात वहिनीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते. बाळंतिणीचे लाडू बाळंतिणीच्या आधी दुसऱ्या कुठल्या देशात फिरतायत, याचा त्यांना फार त्रास झाला. तरी अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या न्यायच्या होत्या त्यांना, त्या दादानंच थांबवल्या. सुकं खोबरं विमानाच्या नियमांत आपोआप पेटू शकणाऱ्या वस्तूंमधे आहे, हे बाबांनी हसण्यावारी नेलं होतं, आमच्या देवघरात इतकी वर्षं आहे, कधी पेटलं नाही. बॅग आली आठवडाभरानं, आत तपासणी केल्याची छापील चिठ्ठी, आणि लाडू जसेच्या तसे. बाबांनी मोजले.

घड्याळ त्यांनी तिथे शेवटपर्यंत बदललं नाही. हिवाळ्यात शिकागो आपल्या साडेअकरा तास मागे, म्हणजे काट्यांच्या घड्याळात जेमतेम अर्ध्या तासाचाच फरक दिसतो, दिवसाची रात्र झाली तर झाली. गोळ्या इंदूरच्या वेळेनं, चहा इंदूरच्या वेळेनं. पहिल्या रात्री त्यांच्या साडेआठला, आमच्या नऊला, त्यांनी विचारलं पोहे नाहीत का आज.

आता नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला परत जायचं म्हणतायत. मी म्हटलं, ह्यावेळी दिल्लीहून सरळ शिकागोचं विमान बघू, मधे उतरणं नको, धावपळ नको, काही नको. मग चौकशी केली तर कळलं, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानवरून आपली विमानं जात नाहीत, लांबून वळसा पडतो, म्हणून त्यातली काही युरोपात इंधन भरायला थांबतात. मी बाबांना सांगितलं, थांबलं तरी आपण आतच बसून राहायचं, आपल्याला उतरवत नाहीत.

'थांबतं, आणि उतरू देत नाहीत?'

हो.

त्यांनी पेपर खाली ठेवला. 'मग पाणी?'

आत देतात म्हटलं, मागाल तितकं. ते काही बोलले नाहीत. तिकीट अजून काढलेलं नाही.