नुसतं ‘ओके’

बुधवार, रात्री साडेअकरा.

नुसतं ‘ओके’ म्हणाला. ‘ओके बाबा’सुद्धा नाही.

रविवारच्या फोनवरची गोष्ट. दर वर्षी मुलगा आणि मी स्ट्रॅट-ओ-मॅटिक खेळतो, म्हणजे कार्डं आणि फाशांचा बेसबॉल, नावाजलेल्या खेळाडूंच्या टीम करून. माझ्या टीमची यादी मी शुक्रवारीच पक्की केली होती, ती त्याला वाचून दाखवत होतो. कॅचर जॉश गिब्सन, पहिल्या बेसला गेरिग, तिसऱ्याला श्मिट, शॉर्टस्टॉपला आपला होनस वॅग्नर. तो मधूनमधून हं, हं करत होता आणि मागे भांडी विसळल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बेसला हॉर्न्सबी म्हटलं आणि नळ बंद झाला.

‘माझं कुठेय?’

मला तसंच ऐकू आलं. म्हटलं, तुझं काय? तुझी टीम तू कर.

‘माझं नाही रे. मॅझ. मॅझ कुठेय?’

मॅझ म्हणजे बिल मॅझरॉस्की, आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सचा जुना दुसरा बेसवाला. म्हटलं, यंदा मॅझ नाही. आणि तो म्हणाला, ओके. मग आम्ही बर्फ कधी पडणार यावर बोललो. त्याच्याकडे पडलाय म्हणे.

तीन दिवस झाले, ते ओके कानातून जात नाही. रागावलेला माणूस भांडतो. ‘बाबा, वेडा आहेस का’ असं म्हणाला असता तर मी कॉम्प्युटरवरचं शीट उघडून त्याला आकडे दाखवले असते. आकडे माझ्या बाजूने आहेत. हॉर्न्सबीची कारकिर्दीची बॅटिंग सरासरी .३५८, एका वर्षी, १९२४ मध्ये, तर .४२४. डोळे बिघडतील म्हणून हा गृहस्थ सिनेमाला जायचा नाही. मॅझरॉस्कीची सरासरी .२६०. वाद घालायला जागाच नाही, आणि त्याने घातलाही नाही. खुपतंय ते तेच.

शीट करायची वेळ आली याला कारण तोच आहे. हरलेल्याने आधी अख्खी यादी करायची आणि जिंकलेल्याने उरलेल्यांतून, हा नियम त्याने सातवीत असताना केला. एक खेळाडू दोघांकडे नाही. म्हणजे गेली तीन वर्षं मी सगळी मलई काढून घेतो, तो उरलंसुरलं घेऊन बसतो, आणि सातपैकी चार सामने तोच जिंकतो. यंदा म्हटलं, भावनेला थारा नाही. स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या डब्यातलं एकेक कार्ड काढून त्यावरचे सगळे आकडे शीटवर चढवले. दोन आठवडे गेले त्यात. आता वेळ आहेच म्हणा. दुसऱ्या बेसवाल्यांची क्रमवारी लावली तेव्हा मॅझ अठराव्या ओळीवर गेला. मी ओळ निवडली, डिलीट दाबलं. ती जाताना खालच्या ओळी एकेक पायरी वर सरकतात, ते बघून उगाच पोटात कसंतरी झालं. मार्चमध्ये ऑफिसात आमच्याही मजल्यावर कुणीतरी अशीच क्रमवारी... जाऊ दे.

बाकीची टीम मात्र देखणी झालीय, हे लिहून ठेवतो. लेफ्टला टेड विल्यम्स, मधे मेझ, राइटला बेब रूथ. रूथ राइटला म्हणजे पायरेट्सचा क्लेमेंटे बाकावर. पिट्सबर्गमध्ये राहून क्लेमेंटे बाकावर! त्यावर आज लिहीत नाही, एका वेळी एकच. बॉल टाकायला वॉल्टर जॉन्सन, कुफॅक्स आणि सॅचल पेज. पेजला आणि गिब्सनला घेताना शीट लागलीच नाही. गिब्सन इथलाच, होमस्टेड ग्रेजचा, काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधला. जानेवारी १९४७ मध्ये गेला, वय ३५, आणि एप्रिलमध्ये वर्णभेदाची भिंत मोडून जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. गिब्सनचे आकडे मेजर लीगने आपल्या वहीत घेतले ते २०२४ मध्ये. .३७२, तोवर पहिल्या नंबरवर असलेल्या टाय कॉबच्याही वर. हे कार्ड हातात आलं की मला दर वेळी आपले दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या, आणि पुण्यात चहा मिळायचा तो पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांचं असं कार्ड कुणी केलं असतं तर डब्यात सगळ्यात वर ठेवलं असतं. असो. विषय मॅझचा आहे.

विषय ओकेचा आहे.

नऊ वर्षांचा असताना त्याला वाटायचं या खेळाडूचं नावच ‘माझा’ आहे. माझा माझा आहे, म्हणत घरभर फिरायचा. हिने एकदा खरंच मँगो ड्रिंकची बाटली आणून दिली होती. २००९ च्या १३ ऑक्टोबरला, मंगळवार होता, पोटात दुखतंय अशी चिठ्ठी मीच शाळेला लिहिली आणि त्याला पिट्सबर्गमधल्याच ओकलंडला घेऊन गेलो. पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्स फील्ड, कधीच पाडलं, पण बाहेरची भिंत थोडी उभी आहे आणि दर वर्षी त्या दिवशी लोक तिथे खुर्च्या टाकून १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या, शेवटच्या सामन्याचं रेडिओवरचं रेकॉर्डिंग ऐकतात. बहुतेक सगळे म्हातारे. निकाल सगळ्यांना पाठ. तरी ९-९ झाल्यावर बोलणं बंद पडतं. बरोबर ३.३६ ला मॅझचा सामना जिंकणारा होमरन जातो आणि ही माणसं अशी ओरडतात की जणू आत्ताच कळलं. आम्ही डबा नेला होता, बटाटेवडे. पोराने खिशातून कार्ड काढून भिंतीला टेकवून धरलं होतं, ‘त्यालाही ऐकू दे’ म्हणून. त्या कार्डाच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

गंमत अशी की माझ्या शीटने ती मालिका समोरच्या न्यूयॉर्क यँकीजना दिली असती. सात सामन्यांत यँकीजच्या ५५ धावा, पायरेट्सच्या २७. आणि जिंकले पायरेट्स.

हे सगळं माहीत असून मी डिलीट दाबलं. बापाने. म्हणून तर ते ओके. पोरगं मोठं झालं, आता बापाची निराशा झाली तरी दोन अक्षरांत आटपतं. बायको झोपलेली, तळघरात मी एकटा, आणि पंचवीस मेलेल्या माणसांची टीम लावतोय. कुफॅक्स जिवंत आहे म्हणा. श्मिटही.

काल झोप येईना म्हणून एकटाच खेळलो. एका बाजूला माझी टीम, दुसरीकडे १९६० चे यँकीज. पांढरा फासा १, २, ३ पडला तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४, ५, ६ पडला तर पिचरचं. म्हणजे निम्मा खेळ पिचरच्या कार्डावर आणि तिथेच ते एक्स असतात, बॉल फील्डरकडे गेलाय, आता बघा याला जमतंय का. आठव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर एक्स आला. वीस बाजूंचा फासा टाकला, तक्ता पाहिला. हॉर्न्सबीच्या हातून सुटला. मॅझच्या कार्डावर फील्डिंगला १ आहे, त्याला त्याच आकड्यावर बाद मिळाला असता. बॉल ग्लोव्हला लागतो की नाही तेच दिसायचं नाही म्हणून ‘नो टच’ म्हणायचे त्याला. फील्डिंगसाठीचे आठ गोल्ड ग्लोव्ह. हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २००१ मध्ये, तेव्हा भाषणाचे कागद हातात घेऊन उभा राहिला आणि दोन-तीन मिनिटांत रडू आवरेना म्हणून खाली बसला.

मी इकडेतिकडे पाहिलं (कोण बघणार होतं?), हॉर्न्सबीला उचललं आणि मॅझला आणून ठेवलं.

नववी इनिंग, बरोबरी, पहिल्या बेसवर माणूस, एक बाद. बॅटिंगला मॅझ. मी उभा राहिलो चक्क. पांढरा ५, लाल दोन मिळून ८. पिचरचं कार्ड. ग्राउंडबॉल, शॉर्टस्टॉप, पुढे ए. डबल प्ले, एका बॉलवर दोघं बाद.

दुसऱ्या बेसवर उभं राहून ज्याने १७०६ डबल प्लेंना हात लावला, जो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, तो माणूस माझ्या टेबलावर स्वतःच डबल प्लेत गेला. मी इतका हसलो की वरून हिचा आवाज आला, काय झालं? म्हटलं, काही नाही, मॅझ. ‘तुझं काय?’ म्हणाली.

शीट खोटं बोलत नव्हतं म्हणजे. .२६० म्हणजे .२६०च. आणि मी कोण मॅझ लागून गेलोय मनाला लावून घ्यायला! माझ्या नावावर एक होमरन नाही. ग्लोव्ह आहेत ते बर्फ उपसायचे.

आज संध्याकाळी त्याची यादी आली. वरून पाचवं नाव: दुसरा बेस, मॅझरॉस्की. राइटला क्लेमेंटे! बाकावर म्हटलं खरं, पण यादीत मी बाकावरही घ्यायचा विसरलो होतो त्याला. खाली एक ओळ: ‘बाबा, तू बदलशील म्हणून काही बोललो नाही.’

म्हणजे ते ओके. लबाड! भांडी थांबली ती यासाठी.

कार्डं सगळी माझ्याकडेच, त्यामुळे मॅझचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘कोपऱ्यात पिवळं काय आहे?’

मी लिहिलं, बटाटेवडा, २००९.

पाहिलंय त्याने, दोन निळ्या खुणा आल्यात. पुढे अजून काही नाही. मालिका शनिवारपासून, फोनवर. त्याआधी पांढरा फासा शोधायला हवा, काल हसताना टेबलाखाली गेला तो सापडत नाहीये.